मोडू की छापू?

दातांच्या दवाखान्यात प्रेम जमतं, असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसून हसून खुर्चीवरून पडली असती. गेली सहा वर्षं ती तिथे काउंटरवर बसत होती. येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक तर दुखणं असायचं, नाहीतर भीती. प्रेमाला तिथे जागा कुठे?

पण त्या मंगळवारी सकाळी काउंटरपलीकडे एक माणूस बसला होता. नुकतीच दाढ काढलेली, अर्धा गाल बधिर, तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अर्धा तास बसा आणि तोंडातून चकार शब्द काढू नका. आणि आपली कवयित्री? ती नेहमीसारखी भेटीच्या वेळा लिहायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर कविता लिहीत होती. दुसरं करणार काय? घरी ती खुर्चीत टेकली रे टेकली की हाका सुरू व्हायच्या. बाबांचा चष्मा, आईची गोळी, वहिनीची कात्री, आणि दादाच्या सहा वर्षांच्या जुळ्या मुलींचं भांडण... तिची कविता म्हणजे दोन हाकांच्या मधली फट.

ती लिहीत होती तेवढ्यात एक हात पुढे आला, त्याने काउंटरवरची दुसरी चिठ्ठी घेतली, पेन घेतलं, आणि त्या मुक्या माणसाने लिहिलं —

‘तिसऱ्या ओळीतला “खूप” काढा. तो नसताना जास्त वाटतं.’

“अहो!” तिने तळहाताने चिठ्ठी झाकली. “दुसऱ्याचं लिहिलेलं वाचता? तेही उलट्या बाजूने?”

त्याने शांतपणे लिहिलं, ‘उलटं वाचणं हाच माझा धंदा आहे. सुलट वाचताना चुकतो.’

आणि खाली, ‘जुळारी. मागच्या गल्लीतला छापखाना.’

“मग तिथे जाऊन वाचा!”

त्याने मान तुकवली, हसायचा प्रयत्न केला. बधिर गालामुळे अर्धंच हसू आलं... पण ते अर्धं हसू तिला दिवसभर पुरलं, हे मात्र खरं. तो गेल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप ‘खूप’ खोडला. ओळ ताठ उभी राहिली. तिला त्याचा इतका राग आला, इतका राग आला की दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती सरळ मागच्या गल्लीतच गेली.

आता तिचं तिथे काम होतं, हेही सांगायला हवं. तिला सोळा पानांची एक पुस्तिका काढायची होती. तीनदा ठरली होती आणि तीनदा बारगळली होती. एकदा दादाच्या लग्नाने, एकदा जुळ्यांच्या जन्माने, एकदा आईच्या मोडलेल्या पायाने. चौथ्या वेळी वहिनीनेच कंबर कसली. वहिनी घरी शिवणकाम करायची आणि एकदा मापं घेतली की कपडा झाल्याशिवाय उठायची नाही. तिनेच प्रकाशनासाठी वाचनालयाची खोली ठरवली, रविवार, संध्याकाळी पाच. “वन्सं,” ती म्हणाली होती, “या वेळी नाही झालं, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही.” आणि तिला महिनाभराची मुदत मिळाली होती.

छापखाना म्हणजे एकच खोली. मधोमध पायाने चालवायचं काळं यंत्र, भिंतीला लागून उतरते लाकडी खण, आणि खणाखणांत शिशाचे खिळे. प्रत्येक खिळ्याच्या टोकाला एक अक्षर. शाईचा आणि रॉकेलचा वास. जुळारी खिडकीशी उभा होता. एका हातात लोखंडी पट्टी, दुसरा हात खणांवरून फिरतोय, नजर भलतीकडेच.

“आलात,” तो म्हणाला. आता त्याला बोलता येत होतं. आवाज अगदी मऊ होता. “‘खूप’ काढला?”

“नाही,” ती धडधडीत खोटं बोलली.

“बरं.” त्याने विचारलं नाही, हसला मात्र पूर्ण. तिला वाटलं, अर्धं होतं तेच बरं होतं. निदान झेपत तरी होतं.

त्याने तिला सगळं दाखवलं. एक अक्षर उचलायचं, पट्टीत ठेवायचं, मग दुसरं.

“एकेक?”

“मग काय, ओंजळीने ओतू?”

“पण मग एका ओळीला किती वेळ लागतो?”

“तुमच्या ओळीला? घाई नाही करणार.”

तिने त्याला दोन ओळी जुळवायला दिल्या आणि नुसती बघत उभी राहिली. तिचा शब्द तो एकेका अक्षराने उचलत होता, बोटांनी चाचपत होता, जागेवर बसवत होता. घरात तिचं वाक्य कधी पुरं झालं नव्हतं. पहिल्या तीन शब्दांतच कुणीतरी ‘कळलं, कळलं’ म्हणायचं. आणि इथे हा परका माणूस तिच्या एका ओळीपाशी दहा मिनिटं थांबला होता. आजवर तिचं कुणी इतकं सावकाश ऐकलं नव्हतं!

दोन दिवसांनी पहिली चार पानं जुळली. दोऱ्याने बांधलेलं एक पान त्याने तिच्या पसरलेल्या हातांवर ठेवलं.

“जपून हं, कवयित्रीबाई. निसटलं तर चारशे तुकडे होतील, आणि ते तुम्हीच वेचायचे.”

“बाप रे... किती जड!”

“दीड किलो तरी असेल.”

“माझी कविता दीड किलोची?” ती हसायला गेली आणि हसू मध्येच थांबलं. चिठ्ठीच्या पाठीवर जी फुंकरीने उडाली असती ती कविता तिच्या मनगटांना ओढत होती. तिला वाटलं, आपण हे लिहिलंय? आपण?

“आता छापलं की मोडायचं,” तो म्हणाला.

“मोडायचं?”

“माझ्याकडे चार पानांपुरतेच खिळे आहेत. चार पानं छापायची, धुवायची, मोडायची, अक्षरं परत आपापल्या खणात. मग पुढची चार. नाहीतर अक्षरं आणू कुठून?”

“वाईट नाही वाटत?”

“लग्नपत्रिकांचं नाही वाटत,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मग काय, रोज दुपारी जेवणाचा डबा काउंटरखाली तसाच राहायला लागला आणि ती मागच्या गल्लीत दिसायला लागली. घरी वहिनीच्या नजरेतून सुटेल तर शपथ! “जुळारी म्हणे,” मशीनचं चाक थांबवून ती म्हणाली, “काय काय जुळवतो हो?”

“अक्षरं, वहिनी. अक्षरं!”

“मी कुठे दुसरं काही म्हटलं?”

एके संध्याकाळी तो तपासायचे कागद घेऊन घरीच आला. आला तेव्हा घरात नेहमीचाच गोंधळ होता. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, त्यामुळे तिचं कुजबुजणंसुद्धा तीन घरं ऐकायची. बाबा जेवणाच्या टेबलावर भिंतीवरचं जुनं घड्याळ उघडून बसलेले. गेली दोन वर्षं ते तसेच बसले होते. दादा रात्रपाळी करून झोपलेला, एक जुळी त्याच्या पोटावर, दुसरी टेबलाखाली. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, एका हाताने भाजी ढवळत, ती कागद तपासत होती.

तो दारातच खिळून उभा राहिला. जाताना जिन्यात हळूच म्हणाला, “तुम्ही या... यात लिहिता?”

“का हो?”

“मी समजत होतो, अक्षर जुळवणं अवघड असतं.”

त्याने हे अगदी खरेपणाने म्हटलं. ती नुसती कठडा धरून उभी राहिली. तो तिच्याकडे असा बघत होता, जसं तिने काही मोठं केलंय. आणि पहिल्यांदाच तिलाही वाटलं, केलंय खरं.

त्या रात्री तिने सात ओळी लिहिल्या. त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण घरातल्या कुणीही वाचल्या असत्या तर दुसऱ्या क्षणी विचारलं असतं, कोण गं हा? सकाळच्या धांदलीत, कुठून बळ आलं कोण जाणे, तिने तो कागद शेवटच्या चार पानांच्या गठ्ठ्यात घातला आणि देऊन आली. आणि दुसऱ्या दिवशी तिची पाचावर धारण बसली. ती धावतच छापखान्यात गेली.

“ते एक पान... चुकून आलंय. परत द्या.”

त्याने कागद दिला. तिने त्याच्यासमोरच टराटरा फाडला. दुसरी प्रत नव्हती.

“त्याच्या जागी हे घ्या,” तिने दुसरा कागद पुढे केला. “बाबांच्या घड्याळावरची कविता आहे.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच.

बाबांना तिने सांगितलं मात्र, आणि बाबांचं वय वीस वर्षांनी उतरलं. न्हावी, दूधवाला, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळ्यांना बातमी. “माझ्यावर कविता आहे पुस्तकात! म्हणजे घड्याळावर, पण घड्याळ माझं ना?”

रविवार जवळ आला. बारा पानं छापून झाली आणि शेवटची चार येईनात. सोमवार गेला, मंगळवार गेला. छापखान्यात गेलं की जुळारी नजर चुकवून म्हणायचा, “होतंय, होतंय.” बुधवारी तिचा धीर सुटला. शाळेतून जुळ्यांना आणायची पाळी तिचीच होती. दोघींना दोन हातांना धरून ती तशीच त्याच्या दारात उभी राहिली.

“चौथ्यांदा बारगळणार का माझं? स्पष्ट सांगा! सगळे लबाड असतात, तुम्ही वेगळे वाटला होतात.”

त्याच्या हातातली पट्टी अर्धीच भरलेली होती. त्याने ती खाली ठेवली.

“घड्याळाची कविता नऊ ओळींवर अडली आहे,” तो म्हणाला. “अक्षरं संपली.”

“संपली? तुम्हीच म्हणालात ना, चार पानांपुरती असतात?”

“असतात. पण एक पान... मी मोडलं नाही.”

त्याने खालचा खण ओढला. आत दोऱ्याने बांधलेलं एक छोटं पान होतं. सात ओळींचं.

उलटी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ओळींची लांबी तिला पाठ होती.

“मी तर फाडली होती...”

“तुम्ही कागद फाडलात. मी त्याच्या आदल्या संध्याकाळीच जुळवली होती. हातात आली आणि पुरी केल्याशिवाय खालीच ठेवता येईना.” तो थांबला. “तुम्ही काढा म्हणालात, म्हणून छापली नाही. मोडायला रोज बसतो. दोरा सोडतो आणि परत बांधतो. चूक माझीच आहे. या धंद्यात असं करत नाहीत. पण जगात आता ती एवढीच उरली आहे हो.”

एक जुळी म्हणाली, “आत्या, घरी कधी?”

“थांब जरा,” ती म्हणाली.

“ती कुणासाठी लिहिली, हे विचारायचा मला हक्क नाही,” जुळारी म्हणाला. शाईचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. “एवढंच सांगा. मोडू, की छापू?”

“मोडली तर?”

“तर उद्या घड्याळ पुरं होईल, परवा छापून होईल. रविवारी टाळ्या पडतील.”

“आणि छापली तर?”

“तर रविवारी मी पण येईन.”

“म्हणजे... नाहीतर येणार नव्हता?”

“नव्हतो,” तो म्हणाला. “मला नसतं झेपलं.”

तिला त्या क्षणी ‘छापा’ म्हणावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण डोळ्यांसमोर बाबा आले. न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगणारे बाबा. “उद्या सकाळी सांगते,” ती म्हणाली आणि जुळ्यांना ओढतच बाहेर पडली.

घरी बाबा टेबलाशीच होते. ती समोर बसली. जिवावर आलं होतं, पण बोलली.

“बाबा, घड्याळाची कविता... या पुस्तिकेत नाही येणार.”

बाबांचा स्क्रू फिरवणारा हात थांबला. “चुकली का काही?”

“नाही हो. चांगली आहे. पण एकाच कवितेपुरती जागा उरली आहे, आणि दुसरी एक आहे.”

“ती जास्त चांगली आहे?”

“माहीत नाही.” तिचे डोळे भरून आले. “पण ती नाही छापली तर मला आयुष्यभर वाईट वाटेल.”

बाबांना वाईट वाटलं होतं, ते लपवायची कला त्यांच्याकडे नव्हतीच. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

“तू कधी काही मागितलंस असं मला आठवत नाही,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदाच मागते आहेस. दे ती दुसरी. माझं घड्याळ काय, पुढच्या वेळी. नाहीतरी बंदच आहे. न्हाव्याला काय सांगायचं ते मी बघतो.”

तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्यांचा तेलकट हात घट्ट धरला.

गुरुवारी दवाखाना उघडायच्या आधी ती छापखान्यात पोचली. धावल्यामुळे धाप लागली होती. जुळारी नुकतंच कुलूप काढत होता.

“छापा,” ती म्हणाली.

त्याच्या हातातून किल्ल्या पडल्या. दोघंही एकदम वाकले, डोकी आपटली. हसायचं की कळवळायचं, दोघांनाही कळेना. मग त्याने ते छोटं पान यंत्रात चढवलं, शाई फिरवली आणि पायाने ते चालू केलं. पांढरा कागद आत गेला आणि बाहेर आला. तिने तो दोन्ही हातांत धरला. ओली काळी अक्षरं, आणि आता सुलट. काल जगात एकच होती, आता यंत्राच्या प्रत्येक ठेक्याला एक एक वाढत होती... पाच, दहा, चाळीस. ती भिंतीला टेकून बघत राहिली, दवाखाना उघडायची वेळ टळून गेली तरी.

रविवारी वाचनालयाची खोली भरली. पन्नासेक माणसं असतील. पहिल्या रांगेत सगळं घर. वहिनीने सगळ्या प्रती स्वतःच्या हाताने शिवल्या होत्या आणि शेवटचं पान वाचूनही, कमाल बाई ती, कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. जुळारी सगळ्यांत मागे, वर्तमानपत्रांच्या मांडणीपाशी. इस्त्रीचा शर्ट, नखांत शाई.

तिने एकामागून एक कविता वाचल्या. मग शेवटचं पान आलं. मागे बघायचं नाही असं ठरवून ती वाचू लागली.

‘घरातल्या सगळ्या हाका मला ओळखीच्या.
ही पाण्याची, ही चष्म्याची, ही भांडण सोडवायची.
प्रत्येक हाकेला मी ओ देते
आणि हातात काहीतरी घेऊन जाते.
एखादी हाक अशी यावी,
काहीच नको असलेली.
मी रिकाम्या हातांनी जाईन.’

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बाबांनी खाली बघितलं. मग आईने आपल्या मते कुजबुजत, म्हणजे मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, “कोण गं हा?”

सगळी खोली हसली. टाळ्या पडल्या. दादा उठून उभाच राहिला. वहिनीला खोकला आला आणि तो थांबेचना. बाबा मात्र खुर्चीत मागे वळून एकेका माणसाकडे नीट बघत होते, आणि मांडणीपाशी येऊन त्यांची नजर थांबली.

पुढे नेहमीचंच. चहा आला आणि हाका आल्या. “वन्सं, प्रती कुठे ठेवल्या?” “आत्या, हिने माझा बूट घेतला!” “अगं, माझा चष्मा बघितलास?” ती कुणाला प्रती दाखवत होती, कुणाला बूट घालत होती. पाहुण्यांचे रिकामे कप गोळा करून ती दाराकडे निघाली, दोन हातांत सहा कप, आणि मागून कुणीतरी तिचं नाव घेतलं.

ताई नाही, वन्सं नाही, आत्या नाही. कवयित्रीबाईसुद्धा नाही. नुसतं नाव, सावकाश, एकेक अक्षर जागेवर ठेवल्यासारखं.

“आले, आले,” सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं. “काय हवंय?”

ती वळली. जुळारी समोर उभा होता.

“काही नाही,” तो म्हणाला.

तिच्या मागे कुणीतरी पुन्हा चष्मा विचारत होतं. तिने ऐकलं नाही. तिने सहाही कप जवळच्या खुर्चीवर ठेवले आणि हात मोकळे केले.

“पुन्हा एकदा मारा ना हाक,” ती म्हणाली.